भर पावसात वाळवण

मराठी घरातला ओव्हन हे भाजायचं यंत्र नसून ते एक कपाट आहे, हे एकदा मान्य केलं की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. दिवाळीच्या बोनसवर तो घरात येतो. सुरुवातीला केक होतो, नानकटाई होते, पिझ्झा होतो आणि त्या पिझ्झ्याचा फोटो समस्त नातेवाइकांना जातो. मग एके दिवशी त्यात तवा शिरतो. तव्यामागून बिडाची कढई, कढईमागून आप्पेपात्र. केकची भांडी तर त्याच्या हक्काचीच. सगळ्यात मागे, हात पोचणार नाही अशा जागी, एक प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यात काय आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं, पण तो टाकायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. ओव्हनच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर बिस्किटांचे पुडे. अशा घरात कुणी ‘आज ओव्हन लावायचा’ म्हटलं की तो आधी रिकामा करावा लागतो, आणि त्यातलं सामान ओट्यावर मांडलं की ओटा संपतो. मग स्वयंपाक कुठे करायचा यावर चर्चा होते आणि बहुतेक वेळा बाहेरून मागवलं जातं. ओव्हनमुळे घरात पिझ्झा येतो तो असा.

तर भर जुलैत आमच्या कन्येने जाहीर केलं की ओव्हनमध्ये मशरूम वाळवायचे आहेत.

डोंबिवली स्टेशनबाहेर रात्री गर्दी ओसरू लागली की मशरूमच्या डब्यांचे भाव उतरतात. पातळ प्लॅस्टिक ताणून बसवलेला तो दोनशे ग्रॅमचा डबा. सकाळी आतला मशरूम पांढराशुभ्र असतो, रात्री त्याच्या डोक्यावर तपकिरी डाग दिसू लागतात. विक्रेत्याला तो घरी न्यायचा नसतो आणि आपल्याला भाव सोडवत नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत तो बुळबुळीत होतो. हे सगळं ठाऊक असूनही माणसं डबे घेतात. कन्येनेही घेतले. मात्र ती इंजिनिअर असल्यामुळे ‘स्वस्त मिळाले’ असं न म्हणता ‘स्टॉक करून ठेवू’ म्हणाली.

आता यातला हिशेब बघण्यासारखा आहे. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या डब्यात मशरूम म्हणावा असा ऐवज अठरा-वीस ग्रॅम, बाकी सगळं पाणी. गवळ्याने याच्या निम्म्याने पाणी घातलं असतं तरी आपण सोसायटीच्या ग्रुपवर त्याची अब्रू काढली असती. इथे मात्र आपण ते पाणी पैसे मोजून आणतो, विजेचं बिल भरून उडवतो, उरलेली चिपाडं बरणीत भरतो आणि खायच्या वेळी ती कोमट पाण्यात भिजत घालतो. एखाद्या सरकारी खात्याने हे केलं असतं तर अधिवेशनात तारांकित प्रश्न आला असता.

तरीही जग हे शतकानुशतकं करत आलं आहे, आणि जग काही अगदीच खुळं नाही. काश्मीर-हिमाचलात वसंतात बर्फ वितळलं की रानात गुच्छी उगवते. तिकडचे लोक ती वेचून दोऱ्यात ओवतात, माळा करून वाळवतात, आणि मग ती किलोला हजारोंच्या भावाने जाते. इटलीत पोर्चिनीचे वाळवलेले काप हा किराणा मालच आहे. जपानी लोकांनी तर या प्रकरणाचा पार छडा लावला. १९०८ मध्ये इकेदा नावाच्या प्राध्यापकाने कोंबू या समुद्री शेवाळाच्या सूपातून ग्लुटामेट शोधलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पुढे १९५७ मध्ये कुनिनाका या शास्त्रज्ञाने ग्वानिलेटचा धागा पकडला. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये चवीची जी खोली लागते, ती या ग्वानिलेटची. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एका पातेल्यात भेटले की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. थोडक्यात, मशरूम वाळवतात ते टिकावा म्हणून, आणि वाळल्यावर त्याला अक्कल येते म्हणून.

आपल्याकडचा बटण मशरूम या घराण्यात जरा दूरच्या नात्याने बसतो. हिमाचलातल्या सोलन शहराला १९९७ मध्ये ‘मशरूम सिटी ऑफ इंडिया’ हा किताब मिळाला, कारण देशाचं मशरूम संशोधन तिथून चालतं. पण तिथेही कुणी बटणाच्या माळा ओवून दाराला बांधत असतील असं वाटत नाही. कन्येला मी हे सुचवून पाहिलं. ती म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही फक्त काप उलटायला उभे राहा.’’ या प्रकल्पातली माझी नेमणूक अशी झाली.

नेमकी त्याच आठवड्यात मालवणहून आत्या आली होती. दरवर्षी पावसाळ्यात ती डोळे तपासायला आमच्याकडे येते, आणि डोळ्यांना काही झालेलं नाही हे पहिल्या तासातच सिद्ध करते. कोपऱ्यातलं जळमट, पंख्यावरची धूळ, माझं वाढलेलं पोट, काही सुटत नाही. या बाईचा सगळा जन्म वाळवणात गेला आहे. सोलं, फणसाची साटं, सांडगी मिरची, सुके बांगडे, गोलमो. सोलांचंच घ्या. कोकमाची सालं मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची, काळीभोर होईपर्यंत. हे ती आभाळाकडे बघून करते, घड्याळाकडे बघून नाही. तिने ओव्हनचा रिकामा झालेला पोटमाळा पाहिला, ओट्यावरचे डबे पाहिले आणि एक मशरूम उचलून नाकाशी धरला.

‘‘रे, ही अळमी खंयच्या वारुळार गावली?’’

‘‘आजी, ही शेडमध्ये वाढवतात. चौदा ते अठरा डिग्री लागतं. एसी असतो.’’

‘‘एसीत?’’ आत्याने मशरूम परत डब्यात ठेवला. ‘‘मगे ती अळमी नाय. ते सायब.’’

तिचं बरोबरच होतं. कोकणातली खरी अळंबी पावसाळ्यात वारुळावर येते. तिची शेती माणूस करत नाही, वाळवी करते. वारुळाच्या पोटात चावलेल्या लाकडा-पानांच्या लगद्यावर ती बुरशीची बाग राखते, आणि त्या बागेचं पीक छत्र्या काढून वर येतं. एवढं विज्ञान पुढे गेलं, पण वाळवीचा हा मळा व्यापारी हिशेबात अजून कुणाला जमलेला नाही. श्रावणात मटणाची आठवण फार छळायला लागली की अळंबीचं सुकं होतं, आणि ते खाताना सगळे जण ‘अगदी मटण’ असं म्हणतात. सकाळी मिळाली की दुपारी पानात, हा तिचा नेम. ती वाळवून ठेवावी इतकी उरते कुठे? त्यामुळे अळंबी वाळवणं हेच आत्याला मुळात विचित्र वाटलं. पण काहीतरी वाळवायचं आहे म्हटल्यावर तिला स्वस्थही बसवेना. तिने पदर खोचला.

पहिला वाद धुण्यावरून. कन्येचं म्हणणं, मशरूम धुवायचे नाहीत, ओलसर फडक्याने पुसायचे. आधीच इतकं पाणी, त्यात आणखी कशाला? आत्याने विचारलं, ‘‘हेंका खत काय घालतत?’’ कन्या खरं बोलणारी मुलगी आहे. गव्हाचा पेंढा आणि कोंबडीखत एकत्र कुजवतात, मग वाफेवर निर्जंतुक करतात, असं तिने सविस्तर सांगितलं. निर्जंतुक या शब्दावर तिने जोर दिला, पण आत्याच्या कानात कोंबडीखताच्या पुढचं काही गेलं नाही. मशरूम धुतले गेले. नळाखाली झटपट धुऊन लगेच पुसले तर ते फारसं पाणी पीत नाहीत, त्यामुळे विज्ञानाचंही काही बिघडलं नाही.

दुसरा वाद जाडीवरून. काप साधारण पाच मिलिमीटरचे हवेत. बारीक असले तर करपतात, जाड असले तर बाहेरून वाळतात आणि आत ओल धरून बसतात, सगळ्यात वाईट म्हणजे काही बारीक आणि काही जाड असतात. कन्येने कंपासपेटीतली पट्टी आणली. आत्याने विळी ओढली. थोड्या वेळाने कन्येने आत्याचे काप पट्टीने मोजून पाहिले आणि पट्टी गुपचूप कंपासपेटीत ठेवून दिली.

पण खरी गंमत पुढे, तापमानाची.

मशरूम वाळवायला पंचावन्न ते पासष्ट अंश पुरतात. त्याहून जास्त झालं की ते वाळत नाहीत, शिजतात, आपल्याच पाण्यात. आमच्या ओव्हनच्या बटणावर ‘बंद’ आहे आणि त्यानंतर एकदम शंभर आहे. मधे बोटभर जागा कोरी. ओव्हन बनवणाऱ्याच्या मते शंभराखाली माणसाला काही काम असू नये. बहुतेक घरांत त्या कोऱ्या जागेत कुणी जन्मात पाऊल ठेवलेलं नसतं. तिथे बटण अगदी हळू, तिजोरी फोडणाऱ्याच्या एकाग्रतेने फिरवावं लागतं. एका जागी ‘टक्’ असा आवाज होतो आणि आतली कांडी लाल होते. मग थोडं मागे. मग पुन्हा ‘टक्’. आत टांगायचा एक थर्मामीटर कन्येने मागवला होता. त्यावरून कळलं की ओव्हनचा स्वभाव आमच्या घराण्यासारखा आहे. पन्नासावर थंड बसून राहतो, मग अचानक तापून पंचाहत्तरला जातो, मग पश्चात्ताप होऊन पुन्हा खाली येतो. सरासरी काढली तर माणूस बरा.

काप जाळीवर मांडले, एकाला एक न चिकटता. कन्येने दार लावलं. आत्या बघत होती.

‘‘दार लावून सुकता काय कधी? वारो खंयसून लागतलो?’’

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. ओव्हनचं दार घट्ट बसतं, कारण केकला आतली हवा आतच हवी असते. मशरूमला नको असते. त्यातून निघालेली वाफ आतच कोंडली तर आतली हवा वाफेने भरून जाते आणि पुढचं पाणी सुटायला जागाच राहत नाही. दाराच्या काचेवर थेंब जमतात, ते ओघळून ट्रेमध्ये पडतात आणि आपण वाळवणाच्या नावाखाली सूप करायला बसतो. म्हणून दार दोन बोटं उघडं ठेवायचं असतं. ओव्हनच्या त्या खाली पडणाऱ्या दाराला स्प्रिंग असते. ते एक तर पूर्ण उघडं राहतं नाही तर फाडकन लागतं, अधलंमधलं धोरण त्याला मान्य नाही. फटीत काहीतरी अडकवावं लागतं, आणि जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांतून निवडून काढलं तरी या कामाला लाटण्याइतकी योग्य वस्तू सापडणार नाही. सहा-सात तास लाटणं ओव्हनच्या दारात. त्यामुळे त्या रात्री पोळ्या नाहीत. बायकोने हे आनंदाने मान्य केलं, एवढंच नाही तर आठवड्यातून एकदा काहीतरी वाळवत जा, असं सुचवलं.

आता कुणी म्हणेल, बाहेर धो धो पाऊस, हवा नव्वद टक्के दमट, चपला बुरसटल्यात, मीठ डब्यात पाणी धरतंय, आणि तुम्ही ती हवा ओव्हनला पाजताय? पण गणित इथेच मौजेचं आहे. तीस अंशांवरची नव्वद टक्के दमट हवा घ्या. तिच्यातला एक थेंबही कमी न करता ती साठ अंशांपर्यंत तापवा. तिची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची धरायची ऐपत जवळजवळ पाचपट झालेली. म्हणजे डोंबिवलीची जुलैतली ओलीचिंब हवा दोन बोटांच्या फटीतून आत गेली की मे महिन्यातलं विदर्भातलं वारं होते. आत्याला हे सगळं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘मी तांच सांगलंय.’’ आणि खरंच तिने तेच सांगितलं होतं, तीन शब्दांत.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये हे जमेल का, अशी विचारणा केली. तो यंत्रप्रकार दार उघडलं की तत्क्षणी बंद पडतो, लाटण्याला तिथे वावच नाही. काकू जरा हिरमुसल्या. तशा त्या मशरूम खात नाहीत. चातुर्मासात तर नाहीच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि अळंबी एकाच श्लोकात बसवून वर्ज्य ठरवली आहेत. त्यातल्या लसणाची चटणी काकूंच्या घरून आम्हाला दर पंधरवड्याला येते, कांद्याची भजी पहिल्या पावसाला येतात, अळंबीवरचा बहिष्कार मात्र त्यांनी प्राणपणाने सांभाळला आहे. तिघांपैकी एक तरी टाकला म्हणजे धर्म राहतो.

वाळताना मशरूमचं काय होतं ते मी उलटायच्या नेमणुकीवर असल्यामुळे फार जवळून पाहिलं. पहिला तासभर काहीच होत नाही. काप फक्त घामेजतात. मग त्यांच्या कडा वर वळायला लागतात आणि पांढरा रंग मळून फिकट बदामी होतो. खालच्या बाजूच्या पाकळ्या, ज्या एरवी एकमेकींना चिकटून असतात, त्या सुट्या होऊन चॉकलेटी दिसतात. काप आकसतो, निम्मा होतो, त्याहून लहान होतो. आणि एका क्षणी तो जाळीच्या दोन तारांच्या मधल्या फटीपेक्षा लहान होतो. मग तो पडतो. टप. एक पडला की शेजारचा पडतो. टप, टप. सुरुवातीला ज्या जाळीवर जागा कमी पडली म्हणून कुरकुर झाली होती, तिच्यावर शेवटी इथे एक, तिथे एक असे तुरळक सभासद उरतात आणि बाकी सगळी सभा खालच्या ट्रेमध्ये भरलेली असते.

मधेच वीज गेली. पावसात ती जाते, त्याबद्दल आता कुणी बोलतही नाही. पण अर्धवट वाळलेल्या मशरूमला ते माहीत नसतं. ओव्हन गार व्हायला लागला तसे ते दमट हवेतून पाणी परत घेऊ लागले. घातलेल्या मेहनतीचं पाणी होणं म्हणतात ते डोळ्यांसमोर. कन्या मोबाइलच्या उजेडात तक्ता भरत होती. आत्याने लाटणं काढलं आणि दार लावून टाकलं. वारा नको असेल तेव्हा दार लावायचं, एवढं साधं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे शिकवलं होतं की नाही, ते कन्येने सांगितलं नाही.

वीज आल्यावर आत्याने विचारलं, ‘‘राखणेक कोण बसतलो?’’

वाळवणाला राखण लागते, हा तिचा अनुभव. गच्चीवर, अंगणात वाळवण घातलं की काठी घेऊन एक पोर बसवायचं, कावळ्यांसाठी. खरं तर कावळ्यांपेक्षा जास्त तेच पोर खातं. ओल्या चिकवड्या, अर्धवट सुकलेले सांडगे, साटाच्या कडा. घरातल्या बायका वाळवणाचं माप घेताना ही गळती धरूनच घेतात. राखणदाराच्या पोटात जातं ते वाळवणाचंच एक फळ असतं. या बाबतीत मशरूमची पूर्ण निराशा आहे. अर्धवट वाळलेला बटण मशरूम तोंडात टाकून पाहा. तो चिवट असतो, दातांखाली कुरकुरत नाही, विरघळत नाही, चावून संपत नाही आणि सभ्यपणे थुंकताही येत नाही. आमच्या घरात प्रत्येकाने एकेक चोरून खाल्ला आणि दुसरा कुणीच खाल्ला नाही. एवढं सुरक्षित वाळवण आत्याच्या आयुष्यात पहिलंच.

वास मात्र सुटला. तो काही औरच होता. माती, भाजलेले शेंगदाणे आणि जुन्या कपाटातली पुस्तकं यांच्या मधलं काहीतरी. खिडकीवाटे तो जिन्यात गेला, जिन्यातून वर गेला. सोसायटीचे सेक्रेटरी दाराशी आले. त्यांना पाहून आम्ही सगळे गप्प झालो, कारण गेल्या वर्षी आत्याने गॅलरीत चार बांगडे सुकत घातले होते तेव्हा ‘सदनिकेतून येणाऱ्या उग्र दर्पाबाबत’ असं एक पत्र त्यांच्याच सहीने आलं होतं. सेक्रेटरींनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

‘‘काय छान वास येतोय हो. काय करताय?’’

बुरशी सुकवतोय, असं आत्या सांगणार होती. मी घाईने ‘‘मशरूम’’ म्हणालो. ते म्हणाले, ‘‘वा, एकदम इटालियन.’’ बांगड्याला मात्र इटालियन म्हणायची सोय नाही.

आमचा वॉचमनही आला. सोसायटीच्या मागच्या पडलेल्या आंब्याच्या बुंध्यावर पुष्कळ छत्र्या उगवल्यात, त्या आणून देऊ का, वाळवून चालतील का, असं त्याने मोठ्या आपुलकीने विचारलं. त्याला चहा पाजून नाही म्हटलं. विषारी छत्रीचं विष वाळवून जात नाही आणि सगळ्यात घातक छत्र्यांचं तर शिजवूनही जात नाही. ओव्हन पाणी उडवतो, बाकी सगळं आत तसंच ठेवतो, किंबहुना घट्ट करून ठेवतो.

वाळलं हे ओळखायचं कसं, यावर शेवटचा वाद. कन्या वजन करत होती. मूळ वजनाच्या दहाव्या हिश्श्यावर आलं की झालं, हा तिचा नियम. आत्याने ट्रेमधून एक काप उचलला आणि तो नुसता वाकला तेव्हा कन्या म्हणाली, अजून व्हायचाय. आत्या म्हणाली, ‘‘आधी निवांदे.’’ गरम असताना सगळेच मऊ असतात. तो काप निवल्यावर तिने कानाशी नेऊन मोडला. कट्. दुसरा मोडला. कट्. तिसरा आवाज न करता वाकला, तो परत ओव्हनमध्ये गेला. डोळ्यांच्या तपासणीसाठी आलेली बाई, पण कानावर तिचा जास्त भरवसा आहे. तोवर काट्यावरही दहावा हिस्सा आला होता, ही गोष्ट कन्येने दोनदा सांगितली.

दोन डब्यांचे, म्हणजे चारशे ग्रॅमचे, मशरूम जॅमच्या बाटलीत भरले. बाटली अर्धीही भरली नाही. चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर. आम्ही सगळे बाटलीभोवती उभे राहिलो. कुणी काही बोलेना. शेवटी बायको म्हणाली, ‘‘बाकीचे कुठे आहेत?’’

बाकीचे हवेत होते. कन्येने त्याचाही हिशेब काढला होता. एवढं पाणी उडवायला शास्त्राप्रमाणे जेमतेम पाव युनिट वीज पुरते. ओव्हनने खाल्ली त्याच्या कितीतरी पट. उरलेल्या विजेने काय केलं, तर जुलैच्या रात्री डोंबिवलीतलं एक स्वयंपाकघर तापवलं आणि ते थंड करायला पंखा आणि एक्झॉस्ट फॅन लावून आणखी वीज खाल्ली. पाण्याचे पैसे, पाणी उडवायचे पैसे, उडवणारे गरम झाले म्हणून त्यांना गार करायचे पैसे. तक्त्यातला तो रकाना कन्येने नंतर झाकून टाकला.

वरकडी म्हणजे उन्हात हेच फुकट झालं असतं, आणि वर बक्षीस मिळालं असतं. मशरूममध्ये एर्गोस्टेरॉल असतं. कापलेला मशरूम भर दुपारच्या उन्हात ठेवला की त्यातून ड जीवनसत्त्व तयार होतं. ओव्हनच्या कांडीतून ते होत नाही. आता बघा, कन्या घरून काम करते, दिवसभर पडदे ओढून. तिचं ड जीवनसत्त्व तळाला गेलंय म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची ती साठ हजार युनिटांची पुडी दिली आहे. तिने अंधाऱ्या खोलीत, अंधाऱ्या ओव्हनमध्ये मशरूम वाळवले. दोघांनाही ऊन लागलं नाही. आत्याने पुडीची किंमत विचारली आणि मग बराच वेळ मे महिन्याबद्दल बोलत राहिली.

बाटलीचं पुढे काय, हा प्रश्न उरतोच. पावसाळ्यात झाकण जरा सैल राहिलं तर सगळं सादळतं, तेव्हा झाकण घट्ट हवं आणि दर दिवसाआड बाटली हलवून काचेला ओल धरली नाही ना ते पाहायला हवं. भिजवून भाजीत घातले तर टोप्या बऱ्या लागतात, देठ मात्र आपला चिवटपणा सोडत नाहीत. भिजवल्याचं पाणी फेकायचं नाही, गाळून रश्शात घालायचं, अर्धी चव त्यातच असते. सगळ्यात उत्तम म्हणजे मिक्सरमधून पूड. मिक्सरचं झाकण उघडताना मान मागे घ्यावी, कारण पूड इतकी हलकी असते की ती आधी नाकात जाते.

आत्याने चमचाभर पूड घेतली आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाबरोबर टाकली. या पदार्थात बाहेरचं काही टाकलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. तिने पळीने एक थेंब तळव्यावर घेतला, चाखला, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

‘‘वायच सुकटाचो भास येता,’’ ती म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मी ऐकलेलं नाही.

मग तिने ओव्हनच्या दारावरून हात फिरवला, लाटणं फटीत घालून नीट बसतं का पाहिलं आणि कन्येला जवळ बोलावलं. मासेमारीची पावसाळी बंदी एकतीस जुलैपर्यंत असते, हे तिला कॅलेंडर न बघता माहीत असतं. ‘‘बंदी उठली काय बोंबील हाड. ह्यात सुकतले.’’ कन्येने लगेच तक्त्यात नवं पान उघडलं आणि बोंबलात पाणी किती टक्के असतं ते शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरी भेटले. वास अजून मनातून जात नाही म्हणाले. पुढचा घाणा लावाल तेव्हा आवर्जून कळवा, बायकोलाही घेऊन येतो.

कळवतो म्हटलं.